पुरात भिजलेलं मॅन्युअल, टॅबवरचं मॅन्युअल आणि झेरॉक्सच्या दुकानातलं मॅन्युअल

माझ्याकडे एकाच गाडीची तीन मॅन्युअलं आहेत आणि तिन्ही मी तेलकट हातांनी वापरलेली आहेत. गाडी अण्णांची. बुलेट, ३५० सीसी, १९८६ ची, बिडाच्या सिलिंडरची. मी सांगलीत शाळेत विज्ञान शिकवते. हातात पाना धरला तो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही हौसेनं नव्हे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. आम्ही नातेवाइकांकडे मिरजेला गेलो. बुलेट अंगणातल्या पत्र्याखाली राहिली आणि तिचं मॅन्युअल खालच्या कपाटात. दोघं एकाच पाण्यात बुडाले.

परत आलो तेव्हा गावातल्या प्रत्येक गॅरेजपुढे चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग होती. आमचे मेस्त्री तर स्वतःच्याच गॅरेजमधला गाळ उपसत होते. मला म्हणाले, "बाई, दिवाळीच्या आत नंबर लागत नाही बघा. तोवर सगळं तेल काढून ठेवा, प्लग काढा, आणि काय वाट्टेल ते होऊ दे, किक मारू नका."

सगळं तेल म्हणजे कुठलं कुठलं, हे मला माहीत नव्हतं. ते पुस्तकात होतं. पुस्तक बादलीत निथळत होतं.

छापील: अण्णांचं पुस्तक

आधी पुस्तकाचं बोलते, कारण त्याच्यावर माझा जीव आहे आणि त्यामुळे माझं मत थोडं कललेलं असणार.

त्यात पानं दोन प्रकारची. मजकूर साध्या कागदावर, काही आकृत्या गुळगुळीत चकचकीत कागदावर. पानापानांत वर्तमानपत्र घालून पंख्याखाली ठेवल्यावर साधी पानं आठ दिवसांत सुटली. फुगली, पिवळी पडली, कडेला नदीच्या गाळाची रेघ राहिली, पण वाचता येतात. चकचकीत पानं मात्र एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो भिजून वाळला की गोंदासारखा धरतो. ती ओली असतानाच एकेक करून वेगळी करायला हवी होती. विज्ञानाच्या बाईंना हे वाळल्यावर सुचलं. शेवटी चार घड्यांचा मोठा वायरिंगचा नकाशा होता, तोही त्याच कागदावर. त्याची वीट झाली. सुरीनं सोडवायला गेले तर एका घडीची शाई दुसऱ्या घडीवर.

तरीही त्या अर्धमेल्या पुस्तकानं पहिला महिना निभावला. तेल तीन ठिकाणी असतं हे त्यानं सांगितलं: इंजिनाचं, क्लचच्या बाजूच्या चेनकव्हरमधलं आणि गिअरबॉक्समधलं. तिन्ही वेगवेगळी, तिन्ही वेगळी काढायची. इंजिनाचं तेल निघालं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. चेनकव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर बसतं हेही त्याच पानावर कळलं, आणि त्याच्या शेजारी अण्णांची पेन्सिल होती: "फार आवळू नये. एकदा आवळून पाहिला." पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. मी तो नट हातानं लावून वर जेमतेम पाव फेरा दिला, आणि माझं कव्हर गळत नाही.

अशा नोंदी पानोपानी आहेत. शाईपेनानं लिहिलेल्या पुरात धुऊन गेल्या, पेन्सिलीच्या राहिल्या. पॉइंटचा, म्हणजे उघडून ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमधला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, त्यापुढे मापाच्या पात्यांबद्दल "पातळ पातं जावं, जाड अडावं". टायमिंगच्या, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडावी याच्या पानावर, पिस्टन वरच्या टोकाला पोहोचायच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडले पाहिजेत असं छापलंय, आणि समासात "सिगारेटचा कागद". कागद पॉइंटच्या मध्ये धरायचा, हलकेच ओढत राहायचं, ज्या क्षणी सुटेल तो उघडण्याचा क्षण. युक्ती उत्तम आहे. पण अण्णा सिगारेट ओढत नाहीत असा आमच्या घरात सगळ्यांचा ठाम समज होता. आईला मी ते पान अजून दाखवलेलं नाही.

पुस्तकाचे दोष? उघडं राहत नाही. शिवण घट्ट आहे. कपड्यांचे चिमटे लावून, वर नऊ-दहाचा पाना ठेवून ते उघडं ठेवावं लागतं, आणि नेमका तोच पाना हवा असतो. अक्षर बारीक. आणि पाण्याचं काय ते वर आलंच.

डिजिटल: भाच्याची पीडीएफ

भाचा वालचंदला इंजिनिअरिंग करत होता. त्यानं पंख्याखालचं पुस्तक पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, कशाला जीव काढतेस? सगळं नेटवर पडलंय." अर्ध्या तासात टॅबवर तीन फाइली.

पहिली इंग्लंडच्या रेडिच कारखान्यातल्या बुलेटची निघाली. तिथल्याच आराखड्यावर १९५५ पासून मद्रासला गाडी बनू लागली, त्यामुळे आकृत्या बघून वाटतं आपलीच आहे. इंजिनाचा बराच भाग जुळतोही. पण विजेचं प्रकरण आलं की ती वेगळीच गाडी होते. पानं देखणी, चित्रं सुंदर, आणि आपल्या कामाला अर्धीच. नवख्या माणसानं त्यावर भरवसा ठेवला तर दोन दिवस नसलेला भाग शोधत बसेल. मी एक दिवस बसले होते.

दुसरी फाइल सुट्या भागांच्या यादीची. ही मात्र सोनं आहे. गिअरबॉक्सचं एकेक दातेरी चाक, एकेक वॉशर ओळीनं सुटा करून मांडलेला. पंचेचाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालेल्या माणसासाठी दोन बोटांनी चित्र मोठं करता येणं ही केवढी सोय आहे, ते तरुण मेकॅनिकांना कळायचं नाही. पुस्तकातल्या त्याच चित्रात वॉशर दोन आहेत की एक, हे मी चष्मा आणि भिंग दोन्ही लावून ठरवू शकले नव्हते. टॅबवर दिसले: दोन, आणि पातळ-जाड. सुटे भाग मागताना दुकानात भागाचा नंबर सांगता आला, "ते गोल असतंय बघा" असं म्हणावं लागलं नाही.

तिसरी फाइल आमच्याच पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत. इथे खरी तुलना सुरू होते, कारण मजकूर तोच, फरक फक्त कागद की काच एवढाच.

स्कॅन म्हणजे पानांचे फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही. भाच्यानं एका सॉफ्टवेअरमधून काढून ती शोधता येईल अशी केली, पण त्या सॉफ्टवेअरला इंग्रजी एक आणि एल यांतला फरक दर चौथ्या ठिकाणी कळत नाही. पुस्तकाचं पान ५७ म्हणजे फाइलचं पान ६३. अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं तर कुठेच जात नाही. मी एक रविवार बसून सगळ्या प्रकरणांना खुणा घातल्या तेव्हा कुठे ती फाइल वापरण्याजोगी झाली.

त्याहून वाईट गोष्ट ठिपक्यांची. स्कॅनमध्ये दशांशचिन्ह आणि धुळीचा कण सारखेच दिसतात. टायमिंगचा तो आकडा आमच्या पीडीएफमध्ये अंधूक ०८ असा दिसतो. कुणी ८ मिमी धरून पॉइंट लावले तर ठिणगी इतकी आधी पडेल की किक उलटी येऊन पोटरी फोडेल. माझ्याकडे पुस्तक होतं म्हणून पडताळता आलं. मेस्त्रींना सांगितलं तर हसले. ते आकडा वापरतच नाहीत, कानानं लावतात. माझे कान फक्त मागच्या बाकावरची कुजबुज ओळखायला तयार झालेत.

आता काचेबद्दल. ग्रीसच्या बोटाला टॅब ओळखत नाही. ओल्या बोटाला तर तो भलतंच समजतो आणि थेट शेवटच्या पानावर नेतो. दोन्ही हातांत क्लच प्लेटा असताना मी नाकानं पान उलटलेलं आहे. जमतं, पण शेजारच्यांनी पाहिलं. पडदा दोन मिनिटांत झोपतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन त्याला आधीच तंबी द्यावी लागते. दुपारच्या उन्हात अंगणात काही म्हणजे काही दिसत नाही, स्वतःचा चेहरा तेवढा दिसतो. आणि एकदा हातातून पाना निसटला तो नेमका काचेवर. पुस्तकावर पाना पडला असता तर फार तर एक डाग वाढला असता.

पण एक गोष्ट टॅबच्या बाजूनं मोठी आहे: पुन्हा पूर आला तरी ती फाइल बुडणार नाही. मी ती तीन ठिकाणी ठेवली आहे, त्यातली एक भाच्याकडे पुण्यात. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढायला लागली तेव्हा अण्णांचं पुस्तक मी पहिल्या खेपेला माळ्यावर नेलं. टॅबचा विचारही मनात आला नाही.

मधे मी एक मूर्खपणा केला, तोही सांगते. "२०० गाड्यांची मॅन्युअलं" असलेला पेन ड्राइव्ह ऑनलाइन ३५० रुपयांना घेतला. निम्म्या फाइली त्याच त्या, नावं बदललेली. बऱ्याच नुसत्या मालकाला मिळणाऱ्या पुस्तिका: टायरची हवा किती, हॉर्न कुठे. एक थाई भाषेत. आमच्या बुलेटची होती ती हीच अंधूक स्कॅन, वर विकणाऱ्याचा शिक्का, आणि तो शिक्का बरोबर मापांच्या कोष्टकावर. पैसे परत मागितले तर उत्तर नाही. दुसऱ्याचं पुस्तक स्कॅन करून विकणाऱ्याकडून मी प्रामाणिकपणाची अपेक्षा का केली, हा प्रश्न मीच मला विचारला.

तिसरं: स्पायरल

शेवटी जे रोज वापरते ते यातलं कुठलंच नाही. पीडीएफमधली मला लागणारी पंचेचाळीस पानं निवडली, अंधूक आकडे पुस्तकावरून ताडून लाल पेनानं ठळक केले, आणि शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ए-फोरवर मोठी करून छापून घेतली. पान दोन रुपये, स्पायरल चाळीस. मापांचं कोष्टक आणि तेलाचा तक्ता लॅमिनेट केला. दुकानातला मुलगा पानं लावताना म्हणाला, "बाई, कुठल्या परीक्षेच्या नोट्स?"

दोनशे रुपयांच्या आत काम झालं. स्पायरल सपाट उघडं राहतं, मागं दुमडता येतं, अक्षर मोठं आहे, आणि घाण झालं तर ते पान पुन्हा छापायचं, दोन रुपयांत. त्यावर लिहायला जीव घाबरत नाही. अण्णांच्या पुस्तकात मी अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही. स्पायरलच्या पानांवर माझी बडबड भरलेली आहे. टॅपेटच्या, म्हणजे झडपांची ढिलाई लावण्याच्या पानावर "थंड इंजिन!!" असं दोन उद्गारचिन्हांसह आहे. पुशरॉड, म्हणजे झडप उघडणारा दांडा, बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये, आणि हे इंजिन थंड असताना. पहिल्यांदा मी गाडी फिरवून आणल्यावर लगेच लावायला बसले होते, म्हणून ती उद्गारचिन्हं.

रॉकरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यात झडपा दाबणाऱ्या भागाच्या तेलाच्या नळीचं पान सगळ्यात मळकं आहे. पुरानंतर तेल भरून गाडी चालू करताना, वरचा बोल्ट किंचित सैल करून तिथे तेल झिरपतंय का ते बघायचं असं लिहिलंय. तेल दिसेपर्यंत मी श्वास रोखून बसले होते. दिसलं. अंगठ्याचा ठसा तिथलाच.

चारचाकीचा हिशेब वेगळा

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग बाई कागदाच्याच. तसं नाही. घरी २०२१ ची पेट्रोल चारचाकी आहे. गेल्या पावसाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी चढाला गचके देऊ लागली. दिवा लुकलुकत होता. स्थिर दिवा असेल तर बेतानं घरी येता येतं. लुकलुकला तर सिलिंडर ठिणगी चुकवतोय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतंय असं समजून कडेला थांबावं. ही माहिती मात्र गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत होती, तेवढे गुण तिला.

नऊशे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावलं, मोबाइलवर कोड आला: पी ०३०२. शेवटचा दोन म्हणजे दुसरा सिलिंडर. इथे डिजिटल मॅन्युअल काय करतं बघा. कोडवर बोट ठेवलं की तपासणीची वाट उघडते: दुसऱ्याची कॉइल, म्हणजे प्लगला वीज देणारा भाग, काढून तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कोड पुसा, गाडी फिरवा. आता पी ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल गेली. पी ०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष, पुढे प्लग, मग इंजेक्टर. माझा कोड सरकला. कॉइल बदलली, पाऊण तासात काम संपलं. अशा "हे झालं तर तिकडे जा, ते झालं तर इकडे" प्रकाराला कागद पुरा पडत नाही; पानं उलटता उलटता आपण कुठून आलो तेच विसरतो. शिवाय कंपनी मधेच एखादी दुरुस्ती बदलते, ती छापलेल्या पुस्तकात कुठून येणार?

पण ही वाट मला मिळाली ती भाच्याच्या मित्रामुळे, तो एका वर्कशॉपमध्ये असतो. सर्वसाधारण मालकाला कंपनीकडून मिळतं ते "अधिकृत केंद्राशी संपर्क साधा". हे दुखणं जुनं आहे. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रानं राइट टू रिपेअर नावाचं पोर्टलही काढलं. पेन ड्राइव्ह विकणाऱ्याच्या नादी लागण्याआधी तिथे डोकावून यावं.

आणि डिजिटल म्हणजे कायमचं, हाही भ्रम नको. आमच्या आधीच्या गाडीचं मॅन्युअल सीडीवर होतं. सीडी अजून चकचकीत आहे, एक ओरखडा नाही. ती जुन्या विंडोजवरच चालते, आणि घरात आता सीडी घालायला फटच उरलेली नाही. महिन्याच्या भाड्यावर मिळणारी ऑनलाइन मॅन्युअलंही तशीच, भाडं थांबलं की कपाट रिकामं. दुसरीकडे छापणारेही थांबताहेत. ब्रिटनमधल्या हेन्सनं साठच्या दशकापासून, गाडी पूर्ण सुटी करून पुन्हा जोडून, घरी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी पुस्तकं काढली. २०२० च्या शेवटी त्यांनी जाहीर केलं की नव्या गाड्यांची छापील मॅन्युअलं आता नाहीत.

तेव्हा माझं मत विचाराल तर: पॉइंट आणि कार्बुरेटरची गाडी असेल तर छापील मूळ प्रत मिळेल त्या भावात घ्या, ती माळ्यावर ठेवा आणि तिच्यावरून ताडलेली स्पायरल अंगणात वापरा. सुट्या भागांची यादी मात्र टॅबवरच. कोड दाखवणारी गाडी असेल तर कागदाच्या मागे लागू नका. आणि काहीही घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, वर्ष आणि मॉडेल आपल्या चासी नंबरशी जुळतं का; नुसतं नाव जुळून उपयोग नाही, ते मी रेडिचच्या नादात शिकले. दुसरी, शेवटची घडीची पानं जागेवर आहेत का.

कारण त्या घडीच्या पानावरच माझं घोडं अडलंय. अण्णांच्या प्रतीतल्या वायरिंगच्या नकाशाची वीट झाली ते सांगितलंच. पीडीएफमध्ये तो दोन तुकड्यांत स्कॅन केलाय आणि मधली चार बोटांची पट्टी कुणाच्याच तुकड्यात आलेली नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी तीच आवृत्ती दिसली, बाराशे सांगितले, मी बटवा उघडला, आणि शेवटचं पान ब्लेडनं कापलेलं. कुठल्यातरी गॅरेजच्या भिंतीवर ते अजून असेल. मल्टिमीटर घेऊन मी बहुतेक तारा लावल्या, हेडलाइट लागतो, हॉर्न वाजतो, अँपिअर मीटरचा काटा शहाण्यासारखा हलतो. ब्रेकच्या दिव्याच्या स्विचकडे जाणाऱ्या दोन तारांचे मूळ रंग तेवढे कळत नाहीत. आधीच्या कुणीतरी तिथे दोन्ही काळ्या जोडल्यात. १९८६ च्या आसपासची, पॉइंटची ३५० आणि शेवटचं पान शाबूत असलेली प्रत कुणाकडे असेल तर त्या मधल्या पट्टीचा एक फोटो टाका. स्कॅन नको, फोटोच.